कात्रजचा घाट आणि परतीची वाट

कात्रजने मराठी भाषेला एक वाक्प्रचार दिला आहे. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातल्यानंतर पाठलागावर निघालेल्या मोगली फौजेला चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात झाडांना आणि बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटविण्यात आले. फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. तेव्हापासून चकवून भलत्या दिशेला लावणे म्हणजे ‘कात्रजचा घाट दाखविणे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. कथेतल्या मोगलांच्या हाती अखेर बैलच लागले, आणि बैलांना कोणी फाशीची शिक्षा ठोठावली नाही. फौजदारी तपास भलत्या उजेडामागे धावला म्हणजे मात्र त्याच्या हाती माणसे लागतात. ती बहुधा गरीब असतात, वकील करण्याची ऐपत नसलेली असतात, आणि कधी कधी मिसरूडही न फुटलेली पोरे असतात. ती पुढे निर्दोष ठरली, तरी त्यांच्या परतीची वाट कोणी बांधून ठेवलेली नसते. हा दुसरा भाग अधिक लाजिरवाणा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

नाशिक परिसरात २००३ च्या जूनमध्ये घडलेले प्रकरण या दृष्टीने डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा कोणाच्याही अंगावर काटा आणील असाच होता. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी त्यांपैकी तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती सवलतही काढून घेतली आणि सहाही जणांना फाशी फर्मावली. त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आतील होता, हे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही, असा एक मुलगा देशातील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाऊन फाशीचा कैदी म्हणूनच परत आला होता.

या निकालाविषयीची अस्वस्थता मिटली नाही. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, चुकीच्या पूर्वनिर्णयाच्या आधारे फाशी झालेल्या कैद्यांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली. त्या कैद्यांत हे सहा जणही होते. अखेर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरविले. या निकालातून उघड झालेली गोष्ट सुन्न करणारी आहे. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार इसमांना हल्लेखोर म्हणून ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी कोणीही नव्हते. त्या चौघांविरुद्ध खटला भरला गेला नाही, आणि ही ओळख फिर्यादी पक्षाने न्यायालयापासून दडवून ठेवली. पलित्यांचा उजेड शत्रूने दाखविला नव्हता. तो तपास करणाऱ्यांनीच पेटविला होता.

न्यायालयाने तीन आदेश दिले. त्या चौघांच्या बाबतीत पुढील तपास करावा, कसूर करणारे जे अधिकारी अजून सेवेत असतील त्यांना हुडकून खातेनिहाय कारवाई करावी, आणि सुटलेल्या प्रत्येकाला पुनर्वसनासाठी राज्य सरकारने पाच लाख रुपये द्यावेत. त्या वेळी या सहा जणांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली होती, त्यांतील जवळजवळ तेरा वर्षे फाशीच्या छायेत. पाच लाखांना सोळा वर्षांनी भागले, तर वर्षाला सव्वाएकतीस हजार आणि दिवसाला सुमारे ८६ रुपये पडतात. न्यायालयाने स्वतःहून काही दिले, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. कारण देण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. परंतु नागरिकाच्या आयुष्याची सोळा वर्षे घेतल्यावर त्याला काय परत द्यावयाचे, हे न्यायाधीशांच्या त्या दिवशीच्या सहृदयतेवर अवलंबून राहावे काय? एखाद्या पीठाला सुचले तर पाच लाख, न सुचले तर नुसती सुटकेची चिठ्ठी, याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

दुसरे प्रकरण खुद्द पुण्याचे आहे, आणि त्याचे स्वरूप वेगळे आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये या शहरात एकाच घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्या घटनेने पुणे हादरले होते, आणि जुन्या पिढीच्या मनातून ती अजून पुसलेली नाही. या खटल्यात राजस्थानातून पोटापाण्यासाठी आलेल्या एका मुलाला सज्ञान समजून १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली. त्याने १९९४ चा गुन्हा केलाच नव्हता, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्याचे वय कोणी नीट विचारले नव्हते. २०१८ मध्ये त्याने अल्पवयीनतेचा अर्ज केला, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि २७ मार्च २०२३ रोजी न्या. जोसेफ, न्या. बोस व न्या. रॉय यांच्या पीठाने निर्णय दिला, की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. १९८६ चा बालन्याय कायदा तेव्हा अमलात होता आणि सोळा वर्षांखालील मुलाला फाशीच काय, कारावासही देता येत नाही असे तो सांगत होता. पुढच्या कायद्यांनी अशा मुलाला सुधारगृहात ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षांची ठरविली आहे. या मुलाने तुरुंगात अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ काढला. निर्दोषाला दोषी ठरविणे ही एक चूक. मुलाला प्रौढ ठरवून फाशीच्या कोठडीत ठेवणे ही दुसरी. दोहोंच्या शेवटी तुरुंगाच्या दाराबाहेर उभा राहिलेला माणूस मात्र एकाच प्रश्नापुढे उभा असतो.

अठ्ठावीस वर्षे म्हणजे किती, याचा अदमास घेण्यासाठी पुणेकराने कात्रजच्या चौकात क्षणभर थांबावे. १९९४ साली कात्रज हे महापालिकेच्या हद्दीबाहेरचे, घाटाच्या पायथ्याचे गाव होते. तळे होते, सर्पोद्यान होते, सहकारी दूध संघाची डेअरी होती, आणि साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या तेथून घाट चढत. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आले. १९९९ मध्ये तेथे प्राणिसंग्रहालय उघडले आणि पेशवे पार्कातील जनावरे हळूहळू तिकडे गेली. २००६ च्या अखेरीस स्वारगेट ते कात्रज हा स्वतंत्र बसमार्ग सुरू झाला. २००७ मध्ये ‘पीएमटी’ हे नावच गेले आणि ‘पीएमपीएमएल’ आले. डोंगराच्या कुशीपर्यंत इमारती चढल्या. देशात मोबाईल दूरध्वनीवरून पहिले संभाषण झाले ते १९९५ मध्ये. राज्यात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार कार्ड दिले गेले ते २०१० मध्ये. जुन्या हजार-पाचशेच्या नोटा रद्द झाल्या त्या २०१६ मध्ये. पुण्यात मेट्रो धावली ती २०२२ मध्ये. कात्रजला शाळेत जाणाऱ्या मुलाची मुले या काळात शाळेत जाऊ लागली. आणि एक मुलगा या सगळ्या काळात चार भिंतींच्या आत वाढून चाळिशी ओलांडत होता. त्याने तुरुंगातून समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली, हे त्याच्या जिद्दीला शोभणारे आहे. पण तो घरी परतला तेव्हा आईशी बोलण्यात भाषेचीच अडचण उभी राहिली. महाराष्ट्राच्या तुरुंगात मराठी आली होती आणि लहानपणची मारवाडी बोली जिभेवरून उतरली होती.

पुनर्वसनाचा खरा अर्थ येथे ध्यानात येतो. ‘पुन्हा वसविणे’ या शब्दात पूर्वी कधी तरी वसलेले काही होते, असे गृहीत धरलेले आहे. चाळिशीतला कारकून किंवा शिक्षक चुकीच्या खटल्यात अडकला आणि दहा वर्षांनी सुटला, तर त्याचे नुकसान अपरिमितच असते. तरीही त्याच्यामागे एक संसार असतो, हाताला एक कसब असते, ओळखीचे चार लोक असतात, सेवापुस्तक असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. शाळा अर्धी सुटलेली, धंदा शिकावयाचा राहिलेला, पहिले मतदान व्हावयाचे असलेले, बँकेत कधी पाऊल न टाकलेले. ज्या वर्षांत माणूस चुका करून शहाणा होतो, मित्र जोडतो, प्रेमात पडतो, पहिला पगार आईच्या हातावर ठेवतो, नेमकी तीच वर्षे त्याच्याकडून काढून घेतलेली असतात. उजळणी करावी असा धडाच त्याने कधी गिरविलेला नसतो. म्हणून किशोरवयात अन्यायाने तुरुंगात गेलेल्याला मोकळे सोडले आणि ‘जा, पूर्वीसारखा राहा’ म्हटले, तर त्या वाक्याला अर्थच नाही. पूर्वीसारखा म्हणजे सतरा वर्षांच्या मुलासारखा? तेहतिसाव्या वर्षी?

आणि राहावयाचे तरी कोठे? समजा, असा एक माणूस कामाच्या शोधात साताऱ्याकडून येऊन कात्रजला उतरला. या भागात दररोज शेकडो माणसे अशीच उतरतात. आंबेगाव, धनकवडी, कोंढव्याच्या बाजूला खोली पाहतात आणि दोन दिवसांत कामाला लागतात. याला खोलीमालक मागील पत्ता विचारील, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते म्हणून ओळखपत्र मागील. मागील पत्ता मध्यवर्ती कारागृहाचा. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी चारित्र्य प्रमाणपत्र लागते. सरकारी अर्जात रकाना असतो: ‘आपणांस कधी अटक झाली होती काय? आपणांविरुद्ध फौजदारी खटला चालला होता काय?’ खरे लिहिले तर अर्ज बाजूला पडण्याची धास्ती. लपविले तर माहिती दडविल्याचा ठपका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले आहे, की अशा माहितीचा विचार नोकरी देणाऱ्याने डोळे मिटून न करता खटल्याचे स्वरूप, निकाल आणि पदाची गरज पाहून करावा. पण खाजगी कारखान्याच्या फाटकावर किंवा खोलीमालकाच्या ओटीवर हा निकाल कोण वाचून दाखविणार? ‘निर्दोष’ हा शब्द निकालपत्राच्या शेवटच्या पानावर एकदा येतो. ‘आरोपी’ हा शब्द सोळा वर्षांच्या वृत्तपत्रांत शेकडो वेळा येऊन गेलेला असतो.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत हा कलंक आणखी खोल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत पाडली. सोलापूरच्या सेटलमेंटचे कुंपण आजही कित्येक कुटुंबांच्या आठवणीत आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; पण संशयाची सवय रद्द करणारा कायदा अजून झालेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातीनुसार कामे वाटण्याच्या तरतुदी काढून टाकण्याचा आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांत गणू नये असे बजावण्याचा निर्णय द्यावा लागला, यातच सर्व आले. अशा समाजातील मुलगा निर्दोष सुटून वस्तीवर परतला, तरी पुढच्या चोरीच्या वेळी पोलिसांची गाडी प्रथम त्याच्याच दारी येणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

कायद्याची सद्यस्थिती काय आहे, तेही पाहू. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने बिहारच्या रुदल शाह प्रकरणात पहिल्यांदा मोठे पाऊल टाकले. तो इसम १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत तुरुंगातच होता. न्यायालयाने केवळ सुटकेवर न थांबता राज्याला तीस हजार रुपये द्यावयास लावले. तेव्हापासून घटनादत्त हक्काच्या भंगाबद्दल भरपाई मिळू शकते, हे तत्त्व मान्य झाले; परंतु ते न्यायालयाच्या मर्जीवरच राहिले. फौजदारी प्रक्रिया संहितेत विनाकारण अटक करविल्याबद्दल एक हजार रुपयांपर्यंतच्या भरपाईची तरतूद होती. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तेवढ्याच रकमेची राहिली आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात या प्रश्नाचा विस्ताराने विचार केला. अन्याय्य खटल्याबद्दलचे दावे ऐकण्यासाठी विशेष न्यायालये असावीत, ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा, आणि पैशाबरोबर मानसोपचार, समुपदेशन, व्यवसायशिक्षण यांसारखी मदतही मिळावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले. या शिफारशींना त्यांत जागा मिळाली नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा विषय संसदेने विचारात घ्यावा, असे पुन्हा सुचविले आहे.

इतर देशांत सारे आलबेल आहे असे नाही, पण तेथे निदान हिशेबाची पद्धत आहे. जर्मनीत चुकीच्या कारावासाच्या प्रत्येक दिवसाला ठराविक रक्कम मिळते. २०२० मध्ये ती २५ युरोंवरून ७५ युरोंवर नेण्यात आली. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात २००४ पासून प्रत्येक वर्षाला पन्नास हजार डॉलरपर्यंत, आणि फाशीच्या कोठडीत काढलेल्या वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९ च्या हल्ल्याबद्दल चौदा ते सोळा वयाची पाच मुले दोषी ठरविली गेली होती. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराच्या कबुलीने आणि डीएनए पुराव्याने त्यांची शिक्षा रद्द झाली, आणि २०१४ मध्ये शहराने त्यांना सुमारे चार कोटी दहा लाख डॉलर दिले. त्यांच्यातील युसेफ सलाम हे २०२३ मध्ये त्याच शहराच्या नगर परिषदेवर निवडून आले. ज्याला शहराने एकदा हिंस्र पशू म्हणून दूर लोटले, त्याच्यावरच त्या शहराने कारभार सोपविला. तेथेही बारा वर्षे वकिलांशी झगडावे लागले, हे खरे. परंतु समाजाने चूक कबूल केल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही, आणि कबूल केली तर तो किती उंच उभा राहू शकतो, हे या उदाहरणातून दिसते.

या मागणीवर आक्षेप घेतले जातील, आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की पुराव्याअभावी सुटलेला प्रत्येक जण निर्दोष नसतो. सर्वांना भरपाई देत बसले तर तिजोरी आणि तपास दोन्ही लुळे पडतील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विधी आयोगाने सरसकट सर्व सुटकांचा विचार न करता जेथे तपास किंवा खटला दुष्ट हेतूने वा प्रामाणिकपणा सोडून चालविला गेला, अशाच प्रकरणांची कसोटी सुचविली आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने ओळखलेल्या माणसांना सोडून देऊन भलत्यांना फासापर्यंत नेणे या कसोटीला उतरत नसेल, तर मग काय उतरेल? दुसरा आक्षेप भावनेचा आहे: ज्यांची माणसे गेली, त्यांचे दुःख विसरून सुटलेल्यांचा कळवळा का? पण निर्दोषाला शिक्षा झाली म्हणजे मृतांच्या आप्तांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. त्यांच्या हाती इतकी वर्षे न्यायाचा नुसता आभास दिला गेला, आणि खरे गुन्हेगार तेवढ्याच वर्षांनी दूर गेले. पीडित कुटुंब आणि निर्दोष आरोपी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. चुकीच्या तपासाचे ते दोन्ही बळी आहेत.

महाराष्ट्राने दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. फौजदारी कायदा व प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत आहेत, तुरुंग तर राज्याच्याच अखत्यारीत आहेत. आणि वर उल्लेखिलेली दोन्ही प्रकरणे याच राज्यातील न्यायालयांतून गेली आहेत. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यासाठी परिवीक्षा व अनुरक्षण यांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अन्यायाने शिक्षा झालेल्याचा हक्क त्याहून कमी असू शकत नाही. तुरुंगातून बाहेर पडण्याच्या दिवशीच त्याच्या हाती ओळखपत्रे, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते असावे. पहिली दोन वर्षे राहण्याची सोय व निर्वाहभत्ता मिळावा. शरीराची आणि मनाची तपासणी व उपचार विनामूल्य व्हावेत. आणि अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी किंवा कसब शिकण्यासाठी वयाची अट आड येऊ नये. त्याच्या पोलीस नोंदींवर ‘निर्दोष’ हा शेरा ठळकपणे चढावा आणि चारित्र्य पडताळणीत जुना खटला उगाळला जाऊ नये. बालन्याय कायद्यात ‘नव्या सुरुवाती’चे तत्त्व आहे, विधिसंघर्षग्रस्त बालकाची माहिती निकालानंतर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी उघड करू नये, असे तो कायदा सांगतो, आणि अशा बालकाचे नाव वृत्तपत्रांनी छापण्यासही मनाई करतो. येथे या दोघांची नावे दिलेली नाहीत, ती याच कारणाने. जे संरक्षण खरोखर गुन्हा करणाऱ्या बालकाला मिळते, ते निर्दोष ठरलेल्याला नाकारणे हा विचित्र न्याय होईल.

जबाबदारीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. तपासातील कसुरीमुळे फसलेल्या प्रत्येक खटल्याची छाननी करून दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करणारी यंत्रणा राज्यांनी उभारावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्येच दिलेला आहे. अशा छाननीतून काय निघाले, कोणावर काय कारवाई झाली, हे विधिमंडळापुढे दरवर्षी मांडले गेले पाहिजे. भरपाई करदात्याच्या खिशातून आणि बढती मात्र अधिकाऱ्याच्या खांद्यावर, असे होत राहिले, तर पुढच्या तपासातही पलिते पेटतच राहतील.

या साऱ्यात न्यायाधीश, वकील आणि पोलीस यांच्यापलीकडेही काही माणसांचा वाटा आहे. पुण्याच्या प्रकरणातील मुलाची सुटका कशामुळे झाली? राजस्थानातील एका खेड्याच्या सरकारी शाळेने दिलेल्या दाखल्यामुळे. त्या शाळेच्या नोंदवहीत कोण्या शिक्षकाने मुलाचे नाव आणि जन्मतारीख लिहिली, कोण्या कारकुनाने ती वही जपून ठेवली, आणि पाव शतकानंतर तिच्यावरून दाखला निघाला. नोंदवहीतील नाव आणि खटल्यातील नाव यांत फरक होता; दोन्ही एकाच माणसाची, हे सिद्ध करता करता अर्जानंतर चार-साडेचार वर्षे गेली. वय ठरविताना कायदा प्रथम शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर नगरपालिका वा पंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे शाळेत पहिलीच्या वर्गात नाव घालताना ‘१ जून’ ही सोयीची तारीख ठोकून देणे हा निरुपद्रवी आळस नव्हे. भटक्या कुटुंबातील मूल शाळेतच आले नाही, तर त्याच्या वयाची साक्ष देणारा कागदच जगात राहत नाही. उद्या कोठडीत उभे केल्यावर तो पंधराचा की एकोणिसाचा, हे हवालदाराच्या अंदाजाने ठरते. ‘वय अंदाजे वीस’ या तीन शब्दांनी काय होऊ शकते, हे पुण्याच्या प्रकरणाने दाखविले आहे. पहिल्या रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्याने कोवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक आरोपीचे शाळेचे वा जन्माचे कागद मागवून वयाचा निर्णय नोंदवावा, हा साधा दंडक कसोशीने पाळला गेला, तर यातील निम्मा अन्याय उंबरठ्यावरच थांबेल.

उरलेला निम्मा अन्याय मात्र सुटकेनंतर सुरू होतो, आणि तो करणारी माणसे बहुधा सज्जन असतात. खोली नाकारणारा मालक, अर्ज बाजूला ठेवणारा कारकून, मुलांना त्याच्याशी बोलू नका म्हणणारे शेजारी. त्यांच्यापैकी कोणीही खोटा पुरावा तयार केलेला नसतो. न्यायालयाने चूक कबूल केली, तरी शेजार ती कबूल करावयास तयार नसतो, एवढेच. कायद्याने भरपाई देता येईल, खोली आणि नोकरीही देता येईल. ‘हा आपल्यातला आहे’ एवढे वाक्य मात्र कोणत्याही अधिनियमात लिहिता येत नाही. ते कात्रजच्या एखाद्या वाड्यात, कारखान्यात, रात्रशाळेच्या वर्गात कोणी तरी पहिल्यांदा म्हणावे लागते.

कात्रजच्या घाटात मोगलांना चकविले, हा अभिमानाचा इतिहास आहे. परंतु स्वतंत्र देशातील न्यायसंस्थेने आपल्याच पोरांना भलत्या वाटेला लावावे आणि चूक कळल्यावर त्यांना तेथेच सोडून द्यावे, यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. चूक होणार नाही, अशी हमी कोणतीही न्यायव्यवस्था देऊ शकत नाही. झालेल्या चुकीचे देणे फेडण्याची हमी मात्र ती देऊ शकते. महाराष्ट्र विधिमंडळाने असा कायदा करावयाचे ठरविले, तर मसुद्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. विधी आयोगाचा अहवाल २०१८ पासून तयार आहे. नाशिकच्या प्रकरणातील मुलगा २०१९ मध्ये सुटला, पुण्यातला २०२३ मध्ये. तिसरा कोणी आज एखाद्या कोठडीत वयाचा दाखला शोधत बसलेला असेल, तर तो बाहेर येईपर्यंत तरी त्याच्या परतीची वाट तयार असावी.